तीन उपाशी पाहुण्यांचं जेवण

३ एप्रिल, शुक्रवार. सुट्टी होती आणि मी बाल्कनीत बसून कूलरची जुनी खस उपसत होते. रायपुरात एप्रिल लागला की हे काम पुढे ढकलता येत नाही. गेल्या वर्षीची खस पाण्यातल्या क्षारांनी वाळून दगड झाली होती, जाळीच्या तारा गंजल्या होत्या, आणि मी पक्कड घेऊन एकेक तार सोडवत होते. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला.

"मैडम, केक पर क्या लिखवाएँ? 'हैप्पी गुड फ्राइडे' ठीक है ना?"

मी पक्कड खाली ठेवली.

हे अध्यक्ष म्हणजे आमच्या तेलीबांध्याच्या हाउसिंग सोसायटीचे. टाइल्सचं मोठं दुकान, पांढरे बूट, आणि पुढेमागे महापालिकेचं तिकीट मिळावं अशी इच्छा. ती इच्छा ते लपवत नाहीत. मी सोसायटीची सेक्रेटरी. हे पद मला कुणी मानाने दिलेलं नाही. त्या मीटिंगला वेळेवर पोचलेली मी एकटीच होते.

मागच्या रविवारी कमिटीत ठरलं होतं की सोसायटीत 'सर्वधर्म सद्भावना भोज' करायचा. शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी, पार्षदजी, म्हणजे आमचे नगरसेवक, दुपारी एक वाजता मोकळे, हलवाईही मोकळा. सुट्टी कशाची हे कॅलेंडरवर लिहिलेलं होतं, पण कॅलेंडरवर आपण लाल रंग बघतो, अक्षरं वाचत नाही. मीही वाचली नव्हती, म्हणून दुसऱ्यांना बोलायची माझी फार सोय नाही.

भोजाला सत्कारमूर्ती तीन. आमच्या साठ-सत्तर घरांत मिळून एवढेच 'इतर धर्म' निघाले. एक रेल्वेतून निवृत्त झालेले काका. हे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमच्या सगळ्या सोसायटीत त्यांच्याइतकं स्वच्छ मराठी कुणी बोलत नाही, मीसुद्धा नाही. दुसऱ्या बाजी, म्हणजे आमच्या मुस्लिम ताई; त्या तिसऱ्या मजल्यावर गणिताच्या शिकवण्या घेतात. आणि तिसरी सिस्टर. ती जशपूरकडची कॅथलिक, समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात नर्स, नवरा नाही, मुलगी यंदा बारावीला.

"त्यांना विचारलं का?" मी मीटिंगमध्ये म्हटलं होतं.

"सरप्राइज़ देंगे," अध्यक्ष म्हणाले.

सरप्राइजला माझा विरोध असतो, पण त्या दिवशी मी गप्प बसले, कारण मला अध्यक्षांची एक सही हवी होती. सिस्टर भाड्याने राहते. तिचा करार संपला होता. घरमालक पुण्याला असतो. त्याचं म्हणणं, सोसायटीची हरकत नाही असं पत्र रविवारपर्यंत आलं तर करार पुढे चालू, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. पत्र मी टाइप करून ठेवलं होतं. अध्यक्ष महिनाभर त्यावर बसले होते. कारण विचारलं की म्हणायचे, "वो घुलती-मिलती नहीं है."

सिस्टरने या शहरात घर कसं शोधलं होतं ते मला माहीत होतं. फोनवर सगळं ठरायचं, आडनाव सांगितलं की घरमालकाच्या भावाचं लग्न निघायचं आणि घर त्यांनाच लागायचं. मुलीची शाळा आमच्या गेटासमोर बस पाठवते. बारावीच्या वर्षात पुन्हा ती सगळी लग्नं ऐकायची तिची तयारी नव्हती.

रविवारी अध्यक्षांनीच तोडगा काढला. "भोज में आ जाएँ. सबके सामने मेरे हाथ से एक कौर खा लें. फोटो हो जाए. फिर साइन क्या चीज़ है, मैडम!"

एक घास आणि एक सही. मला सौदा बरा वाटला होता.

आता फोनवर मी त्यांना म्हटलं, "केकवरचं हॅप्पी काढा. आज त्यांच्या देवाला क्रुसावर चढवलं होतं."

पलीकडे कॅलेंडरचं पान सळसळलं. मग म्हणाले, "लेकिन गुड तो लिखा है."

हातावरची माती धुतली, पत्र पर्समध्ये टाकलं, ताटात हळदकुंकू आणि अक्षता घेतल्या आणि आमंत्रणाला निघाले. सासूबाई सोफ्यावर बसून शेंगदाणे निवडत होत्या. त्या मूळच्या अकोल्याकडच्या. रायपुरात एवढी वर्षं काढूनही त्यांची बोली तसूभर हललेली नाही.

"कुठी चालली वो ताट घेऊन?"

"आमंत्रण द्यायला. तिघांकडे."

"रिकाम्या हातानं जाऊन राहिली? खिचडी करू का साबुदान्याची?"

साबुदाण्याच्या खिचडीबद्दल इथे थोडं सांगायला हवं. आमच्या घरी एकादशीला रोजच्यापेक्षा जास्त भांडी पडतात. साबुदाणा, वरई, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, आणि चार वाजता 'आज काहीच पोटात नाही' म्हणून शिकरण. नवरा सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात आहे. उपासाच्या दिवशी त्याला दोन डबे लागतात. शिवाय आमचा उपास कळवायचा असतो. सासूबाई लिफ्टमध्ये शिरल्या की तळमजला ते पाचवा मजला एवढ्या वेळात कुठला उपास, कधी सुटणार आणि कंबर कशी धरली आहे, हे सगळं सांगून होतं. त्यामुळे शेजारी कुणाचा उपास आहे असं कानावर आलं की आमच्या घरात आपोआप साबुदाणा भिजतो. कुणाचा, कसला, हे विचारण्याइतका वेळ साबुदाण्याला नसतो.

बाजी राहायला आल्या त्या वर्षी रमजानमध्ये मी सकाळी अकरा वाजता खिचडीचा डबा घेऊन गेले होते. "उपासाचीच आहे, चालते," असंही वर सांगितलं. त्यांनी हसून डबा घेतला, संध्याकाळपर्यंत ठेवला आणि रोजा सोडून झाल्यावर त्यात गरम भजी भरून परत पाठवली. त्या दिवशी नेमकी सासूबाईंची एकादशी. माझी खिचडी त्यांच्या रोजाला चालेना, त्यांची भजी सासूबाईंच्या एकादशीला. भजी नवऱ्याने खाल्ली. त्याचाही उपास होता, पण तो दुपारीच संपला होता म्हणे.

काकांच्या बाबतीत तर मी वॉचमनला दार तोडायला लावणार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरातली गोष्ट. कुणीतरी सांगितलं, काकांचा आज मोठा उपास आहे. मी डबा घेऊन गेले, बेल वाजवली, दार ठोठावलं, फोन केला. आतून हूं नाही की चूं नाही. एकटा म्हातारा माणूस. माझ्या डोक्यात नको ते आलं. वॉचमनला हाक मारली. तो "हव दीदी, हव दीदी" करत पहार घेऊन आला. पहारेचा पहिला आवाज झाला आणि दार उघडलं. पांढरेशुभ्र कपडे घातलेले काका, चेहरा लाल.

"सेक्रेटरीबाई, आज दरफाळणीचा सण. दार लावून घ्यायचं, अन्नपाणी घ्यायचं नाही, कुणाला शिवायचं नाही आणि देवाची क्षमा मागायची. मी ती मागत होतो. आता तुमच्यासाठीही मागतो."

मी डबा पाठीमागे लपवला. वासावरून त्यांना कळलंच.

तर या वेळी मी सासूबाईंना सांगितलं, खिचडी नको, आधी विचारून येते.

पहिलं दार काकांचं. घर झाडून-पुसून लख्ख, स्वयंपाकघराच्या फडताळांवर नवे कागद. मी अक्षता दिल्या आणि एक वाजता भोज आहे म्हटलं.

"काय बेत आहे?" काकांनी विचारलं.

"छोले-भटुरे, पावभाजी, नान, केक."

काका मोठ्याने हसले. मग चष्मा काढून डोळे पुसले. "बाई, या एकाच आठवड्यात मला पाव वर्ज्य. तुम्ही बरोबर हाच आठवडा शोधून त्यात पावच ठेवलात. हे ठरवून जमलं नसतं."

त्यांचा वल्हांडण सण चालू होता. आठ दिवस घरात खमीर नको. पाव नाही, बिस्कीट नाही, फुगलेलं काहीही नाही. जुनी माणसं याला 'अनाशी ढाकायचा सण' म्हणत. पूर्वी कोकणात प्रत्येक घरी आंबवणीचं एक भांडं असे, ते या दिवसांत झाकून ठेवायचं, म्हणून ते नाव. काकांकडे तसं भांडं नव्हतं. त्यांनी ब्रेड, टोस्ट आणि अर्धा डबा खारी वॉचमनला देऊन टाकली होती. ठाण्याहून भाचीने कुरिअरने पाठवलेल्या बिनखमिराच्या पातळ पोळ्या टेबलावर होत्या. वाटेत त्यांचा चुरा झाला होता.

"येतो मी," काका म्हणाले. "सत्काराला नाही म्हणायचं वय गेलं. पण खाणार नाही."

दुसरं दार बाजींचं. आत मुलांची शिकवणी चालू होती. त्या दारातच आल्या, मी आमंत्रण दिलं, आणि त्यांनी हळूच मान हलवली. "दीदी, मेरा रोज़ा है."

"ईद तर होऊन गेली ना?"

मलाच कळायला हवं होतं. रमजानमध्ये बायकांचे काही रोजे सुटतात, ते मागून भरून काढायचे असतात. का सुटतात ते कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. अध्यक्षांना सांगण्याची काही सोय नव्हती.

"एक दिवस पुढे ढकलता नाही येणार?" मी व्यवहाराचं विचारलं.

"शेवटचा राहिलाय दीदी. आणि उन्हाळा वाढून राहिला." बाजी नागपूरच्या, माझ्याशी बोलताना मध्येच त्यांना मराठी येतं. "येईन मी. पंख्याखाली खुर्ची ठेवा फक्त."

दोन गेले. आता सगळी भिस्त तिसऱ्या दारावर, आणि तिथे काय ऐकायला मिळणार हे मला जिना चढतानाच कळत होतं.

सिस्टर पांढरी साडी नेसून बसली होती. तिच्या घरात टीव्ही नाही, रेडिओ नाही, एरवी चालणारा मिक्सरही नाही. मुलगी हळू आवाजात काहीतरी वाचत होती. मी ताट टेबलावर ठेवलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं: भोज, पार्षद, घास, फोटो, सही.

ती हिंदीत बोलते, मी मराठीत लिहिते. ती म्हणाली, "आज नाही दीदी. आज वर्षातला सगळ्यात मोठा उपास. तीन वाजता चर्चमध्ये जायचं, घरी आल्यावर एकदाच मीठ घालून पेज. त्याआधी काही नाही."

"एक घास. चिमणीएवढा."

"घास लहान आहे म्हणून चालतो असं आमच्यात नाही."

आमच्यात आहे. पण तो वादाचा मुद्दा नव्हता.

"रविवारपर्यंत पत्र गेलं नाही तर काय होईल ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे." तिने मुलीकडे पाहिलं. मुलीने वाचन थांबवलं होतं. "मी येईन. नमस्कार करीन, सगळ्यांबरोबर उभी राहीन. खाणार नाही."

मी उठले. सवयीने ती म्हणाली, "चाय लेंगी?" आणि मुलीला गॅस पेटवायला सांगितलं. एकच कप आला.

"तू नाही घेत?"

मुलगीच बोलली, "मम्मी ने चाय छोड़ी है. चालीस दिन से. चालीसा चल रहा है ना, आंटी."

चालीसा म्हणजे त्यांच्या ईस्टरआधीचे चाळीस दिवस. कुणी मांस सोडतं, कुणी गोड. सिस्टरने चहा सोडला होता. रात्रपाळीच्या नर्सने चहा सोडणं म्हणजे काय हे मला कळतं. त्याहून महत्त्वाचं आणखी एक मला कळलं. महिन्यापूर्वी सही मागायला ती अध्यक्षांच्या घरी गेली होती. अध्यक्षांच्या बायकोने चहा आणला, तिने हात जोडले. दुसऱ्यांदा गेली, पुन्हा चहा, पुन्हा हात जोडले. छत्तीसगढात कुणाच्या घरचा चहा दोनदा नाकारायचा म्हणजे त्या घराचं पाणी नाकारण्यासारखं. 'घुलती-मिलती नहीं'चा जन्म तिथे झाला होता.

"अगं, मग सांगायचं ना त्यांना!"

"उपास सांगायचा नसतो, दीदी. गुपचूप करायचा असतो. सांगितला तर तो लोकांसाठी झाला."

घरी येताना मला प्रथमच तिचा राग आला. साधा चहाचा कप. एका वाक्याने महिन्याचं काम झालं असतं. आमच्याकडे माणूस न केलेला उपास सांगतो, आणि ही केलेला सांगेना.

सासूबाईंना मी हे सगळं भाजी चिरता चिरता सांगितलं. त्यांना धर्मापेक्षा नियमात रस. प्रत्येकाचं त्या नीट विचारून घेत होत्या.

"रोजाले पानी बी नाही?"

"नाही."

"अन् काकाले दरफाळणीले?"

"नाही. संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत."

"अन् हिनं चाळीस दिवस चहा घेतला नाही?" इथे त्या खरोखर थांबल्या. सासूबाई महाशिवरात्रीला निर्जळ राहतात, पण चहा त्यात धरत नाहीत. चहा हे पाणी नाही असं त्यांचं मत आहे. "बाप रे. पोट्टी कडक आहे."

"आणि आपला उपास कितव्या नंबरवर?" मी विचारलं.

"आपला सोयीचा," सासूबाई म्हणाल्या आणि पातळ बदलायला गेल्या. भोजाला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. असल्या गोष्टींनी त्या अडत नाहीत.

एक वाजता क्लबहाउसमध्ये भटुऱ्यांचा वास भरला होता. भिंतीवर फलक, फलकाखाली लांब टेबल, टेबलामागे तीन खुर्च्या आणि पुढे तीन थाळ्या. केकवरचं 'हॅप्पी' सुरीने खरवडलं होतं. तिथे पांढरा फराटा आणि पुढे 'गुड फ्राइडे'. काका कोट घालून आले होते. बाजी पंख्याखाली. सिस्टर दोघांच्या मध्ये, हात मांडीवर. समोर सत्तर माणसं, रांगेत उभी राहायला आतुर. सगळ्या हॉलमध्ये जेवणार नव्हते ते तिघेच, आणि जेवण त्यांच्या सन्मानार्थ होतं.

पार्षद उशिरा आले, पाच मिनिटं सद्भावनेवर बोलले आणि पहिला भटुरा घेऊन दुसऱ्या कार्यक्रमाला गेले. अध्यक्षांच्या वाट्याला फोटोग्राफर उरला. त्यांनी केक कापला, मोठा तुकडा उचलला आणि काकांसमोर धरला.

"काका, मुँह खोलिए!"

"मला आत्ता हे चालत नाही," काका म्हणाले. "सण चालू आहे."

"अरे, अंडा नहीं है काका! एगलेस है! शुद्ध!"

"अंडं चाललं असतं," काका म्हणाले. "मैदा फुगलाय."

अध्यक्षांना ते काही लागलं नाही. फोटोग्राफरने "सर, इधर" म्हटलं म्हणून ते तसेच हसत पुढे सरकले. बाजींनी हात आडवा केला. "भाईसाहब, रोज़ा है."

"रोज़ा? ईद की सेवइयाँ तो हम आपके घर खाकर आए! अब काहे का रोज़ा?"

हॉलमधल्या सगळ्या बायकांनी एकाच वेळी दुसरीकडे पाहिलं. एकाही पुरुषाला काही समजलं नाही. बाजी खाली बघून ओढणी नीट करत होत्या. अध्यक्षांच्या बायकोने दुरूनच नवऱ्याला डोळ्यांनी 'पुढे व्हा' केलं आणि ते पुढे झाले. केकचा तुकडा आता तळहातावर वितळत होता.

सिस्टर उभी राहिली. तिने हात जोडले. "मुझे माफ़ कीजिए, सर."

अध्यक्षांचं हसू उतरलं. दोन नकार त्यांनी पचवले होते. तिसरा सत्तर माणसांपुढे, कॅमेऱ्यापुढे आणि नेमका या बाईकडून.

"चाय आप नहीं पीतीं. केक आप नहीं खातीं. आख़िर हम लोगों से आपको दिक़्क़त क्या है? रहना हमारे बीच है, और..."

पुढचं ते बोलले नाहीत, पण सगळ्यांनी ऐकलं. सिस्टरने मान वर केली नाही. माझा हात पर्समधल्या पत्रावर होता आणि मला दिसत होतं की ते आता तिथेच राहणार. मी तोंड उघडलं. पण तिने मला गुपचूप सांगितलेलं सत्तर माणसांत कसं सांगायचं, या विचारात एक क्षण गेला.

सासूबाईंना असला विचार पडत नाही.

"अहो अध्यक्ष!" त्या तिसऱ्या रांगेतून उठल्या. "तिचा उपास हाये! तिले जबरदस्ती काहून करून राहिले?"

अध्यक्ष वळले. "कैसा उपवास, माताजी?"

सासूबाईंनी हिंदी सुरू केलं. त्यांचं हिंदी वऱ्हाडीचंच असतं, फक्त आवाज चढवलेला. "चालीस दिन से चाय छोडी उसने! चालीस दिन! आज तो शाम तक दाना नहीं. बताती नहीं बिचारी. आन् तुम उसके मुँह में केक ठूस के राहिले? व्रत तोडाया तो पाप किसके माथे जाता, मालूम हाय का?"

मला वाटलं होतं कुणी हसेल. कुणी हसलं नाही. सद्भावना शब्दावर इतका वेळ एकाच्याही चेहऱ्यावर काही उमटलं नव्हतं, पण 'व्रत तोडाया' म्हटल्याबरोबर हॉलमधल्या बायका सरसावून बसल्या. हा विषय त्यांच्या हातातला होता.

अध्यक्षांच्या बायकोचे सोळा सोमवार चालू होते. त्या प्लेट ठेवून पुढे आल्या. "चालीस दिन? चाय?" त्यांनी सिस्टरला विचारलं. सिस्टरने नाइलाजाने मान हलवली. कान लाल झाले होते तिचे. बाई नवऱ्याकडे वळल्या. "और आप एक महीने से घर में बोल रहे हो, बड़ी घमंडी है, चाय नहीं पी! व्रत वाली को दो बार चाय मैंने पूछी, पाप मुझे लगा. अब केक खिलाकर मेरे सोमवार डुबाओगे? रखो नीचे!"

अध्यक्षांनी केक खाली ठेवला. हात पुसायला काही नव्हतं म्हणून फलकाच्या कडेला पुसला.

मग बायकांनी तिघांनाही गराडा घातला. पाणी चालतं का, थुंकी गिळता येते का, किती वाजता सोडता, चक्कर येत नाही का, आम्हाला तर दुपारी बारालाच अंधारी येते. बाजींची खुर्ची उचलून कूलरसमोर नेण्यात आली. काकांना एकीने विचारलं, तुमच्या उपासाला बटाटा चालतो का? काका म्हणाले, माझा उपास नाही, सण आहे, बटाटा चालतो, फक्त भुकेने मरतोय. फोटोग्राफर मात्र वैतागला. "सर, फोटो तो एक भी नहीं हुआ."

तेव्हा मी पर्स उघडली. अशा वेळी माणसाला विचार करू देऊ नये.

"घास भरवतानाचा फोटो आता सगळेच काढतात," मी अध्यक्षांना म्हटलं. "सही करतानाचा काढा. सोसायटीने अल्पसंख्याक भगिनीला घराची हमी दिली. ही बातमी होते."

ते पत्राकडे बघत राहिले. त्यांची बायको त्यांच्याकडे बघत राहिली. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाला, "ये अच्छा है, सर. पेन थोड़ा ऊपर."

केकच्या खोक्यावर पत्र ठेवून अध्यक्षांनी सही केली. दोनदा केली, पहिल्या फोटोत डोळे मिटले होते. पत्र शाई वाळायच्या आत मी पर्समध्ये टाकलं. सिस्टर सासूबाईंना म्हणाली, "माताजी, आपने सबको बता दिया."

"मंग? तू थोडी बोलली. मी बोलली," सासूबाई म्हणाल्या. "तुझा नियम काई मोडला नाही."

अडीचला सिस्टर मुलीला घेऊन चर्चला गेली.

संध्याकाळी सासूबाईंनी अखेर साबुदाणा परतलाच. डबे मी पोचवले. काका म्हणाले, चालते, कढई कुठली ते मी विचारत नाही; मिरची जास्त झाली आहे. बाजींनी अजान झाल्यावर दारातच दोन घास खाल्ले. सिस्टरने डबा परत दिला. तिची पेज झाली होती आणि आज जेवण एकदाच. सासूबाईंना ते फार आवडलं. तो डबा नवऱ्याने संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्राचा फोटो काढून पुण्याला पाठवला. घरमालकाचं "ओके" येईपर्यंत फोन हातातच ठेवला. मग मूळ पत्र घेऊन वर गेले आणि सिस्टरच्या हातात दिलं. ती ड्यूटीवर निघाली होती. "चहा?" मी विचारलं. "कल ईस्टर है, दीदी," ती म्हणाली. "कल ज़रूर."

पेपरमध्ये आतल्या पानावर फोटो आला होता. अध्यक्षांचे डोळे उघडे होते, सिस्टरचा अर्धाच चेहरा दिसत होता, आणि खाली छापलं होतं की सर्व धर्मांच्या लोकांनी एकत्र बसून भोजनाचा आनंद घेतला. मी बाल्कनीत गेले, नवी खस जाळीत दाबून तारांनी घट्ट बांधली, टाकी भरली आणि पंप सुरू केला. कूलर डावीकडून गळत होता. पेपर उलगडून मी त्याच्याखाली घातला आणि वॉशर आणायला निघाले.